'कशावरून?' हा प्रश्न वर्गात आणताना

अकरावी-बारावीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांशी बोलणं झालं की दोन तक्रारी हमखास निघतात. पहिली, "मुलं कवितेचा अर्थ सांगतात, पण रसग्रहण म्हटलं की गाईडमधलं उतरवतात." दुसरी, "वैचारिक निबंध 'नाण्याला दोन बाजू असतात' इथे सुरू होतो आणि 'अति तिथे माती' इथे संपतो." पाठोपाठ शंका येतात. साचा द्यावा की देऊ नये? शंभर मुलांच्या तुकडीत वह्या तपासायच्या कधी? आणि मुलाने कवितेचा वेगळा अर्थ लावला, तर बोर्डाच्या पेपरात त्याचे गुण जातील का?

या शंकांची उत्तरं इथे एकत्र देत आहे. रसशास्त्र मी बाजूला ठेवलं आहे. उद्याच्या तासाला लागेल तेवढंच घेतलं आहे. माझा आग्रह एकच. रसग्रहण आणि वैचारिक लेखन ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवू नका. कवितेबद्दल काही म्हटलं तरी "कशावरून?" आणि मोबाईलबंदीबद्दल काही म्हटलं तरी "कशावरून?" आपल्या घराघरात रोज विचारला जाणारा हा शब्द आहे. तो वर्गात आणला की निम्मं काम होतं.

आधी तीन कामं वेगळी करून दाखवा

कृतिपत्रिकेतले शब्द मुलांना पाठ असतात, पण त्यांच्यातला फरक माहीत नसतो. फळ्यावर एवढंच लिहा:

- भावार्थ: कवितेत काय म्हटलं आहे.
- रसग्रहण: ते कसं म्हटलं आहे, आणि तसं म्हटल्यामुळे वाचताना काय होतं.
- स्वमत, अभिव्यक्ती, वैचारिक निबंध: एखाद्या प्रश्नावर तुम्हाला काय वाटतं, आणि का.

रसग्रहणाच्या पोटात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषासौंदर्य असे तीन खण मुलांना दहावीपासून ठाऊक असतात. अडचण इथेच आहे. मुलं डब्याचे तीन कप्पे भरावेत तसे ते भरतात. पहिल्यात सारांश, दुसऱ्यात "कवितेत सुंदर प्रतिमा आल्या आहेत", तिसऱ्यात "भाषा साधी, सोपी व ओघवती आहे". हे तिसरं वाक्य तर कुठल्याही कवितेला चालतं, म्हणून ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. मुलांना ही एक चाचणी द्या: तुमचं वाक्य उचलून दुसऱ्या कवितेच्या उत्तरात ठेवा, तिथेही बसलं तर खोडा.

यात माझाही वाटा होता, हे कबूल करते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी रसग्रहणं 'लिहून देत' असे. एकदा एका कवयित्रीच्या कवितेवर मजकूर सांगताना घाईत तोंडातून "कवीने" असं गेलं. पुढच्या चाचणीत बेचाळीस वह्यांमध्ये "कवीने" होतं. एकाही मुलाला कवयित्रीचं नाव आणि तो शब्द एकमेकांशेजारी खटकले नव्हते. त्यांनी कविता वाचलीच नव्हती, मला वाचलं होतं.

पहिले दोन तास कविता घेऊ नका

कवितेला मुलं दबकतात. तिच्यात काहीतरी गुपित दडवलं आहे आणि ते फक्त मॅडमना ठाऊक आहे, असं त्यांना वाटतं. म्हणून सुरुवात एका साध्या गद्य उताऱ्याने करा, तोही ज्याचं गाईड निघालेलं नाही असा. मी स्वतःच एक तयार केला आहे. हवा तर घ्या, नाहीतर आपला रचा:

"आजीने पत्र्याची पेटी उघडली. वर आजोबांचा काळा कोट. त्याखाली दोन धोतरं, रेशनकार्ड. अगदी तळाशी एक आंतर्देशीय पत्र, कडा अजून चिकटलेल्या. तिने कोट बाहेर काढला, झटकला, खांद्याला खांदा जुळवून पुन्हा घडी घातली. पेटी बंद केली. मग पदराने झाकणावरची धूळ पुसली."

मुलांना पाच मिनिटं द्या आणि एकच वाक्य लिहायला सांगा. जी उत्तरं येतात ती फळ्यावर एकाखाली एक मांडा. बहुतेक वर्षी ती अशी येतात.

पहिलं: "आजी पेटी उघडते व कोटाची घडी घालते." हा भावार्थ. चूक काहीच नाही, पण उताऱ्यातलं उताऱ्यालाच परत दिलं.

दुसरं: "आजीचं आजोबांवर खूप प्रेम होतं." आता विचारा, कशावरून? वर्ग गप्प होतो. कोणीतरी म्हणतं, "म्हणजे... आजी आहे ना." हे उत्तर उताऱ्यातलं नाही, आपल्या घरच्या आजीचं आहे. हा फरक मुलांना इथेच, हसत-खेळत दाखवून द्या. पुढे दोन वर्षं तो उपयोगी पडतो.

तिसरं: "आजीला आजोबांची आठवण येते, कारण ती कोट नुसता ठेवत नाही, खांद्याला खांदा जुळवून घडी घालते." इथे म्हणणं आहे आणि त्याला उताऱ्यातला शब्द आहे. आता पुढे ढकला: मग त्या शब्दाने काय झालं? 'नीट घडी घातली' असं लिहिलं असतं तर काय गेलं असतं? कोणीतरी म्हणेल की खांदे माणसाला असतात. कोट क्षणभर माणूस होतो. झालं, याला रसग्रहण म्हणतात. 'चेतनगुणोक्ती' हा शब्द यानंतर सांगा, आधी नको.

चौथं उत्तर क्वचित येतं आणि बहुधा मागच्या बाकावरून येतं: "धूळ शेवटी का पुसली? साफसफाई करायची तर आधी पुसतात." हे आलं की उरलेला तास त्यालाच द्या. धूळ होती, म्हणजे पेटी बरेच दिवस उघडली नव्हती. शेवटी पुसली, म्हणजे ती आवरायला आली नव्हती. किंवा कोणी पाहिलंच तर आवरत होते असं वाटावं म्हणून पुसली. दोन्ही अर्थ उताऱ्यात बसतात. "आजी विसराळू झाली आहे" हा बसत नाही, कारण त्याला उताऱ्यात एकही शब्द सापडत नाही. अनेक अर्थ चालतात पण वाटेल तो चालत नाही, ही गोष्ट व्याख्यानाने पटत नाही, धुळीने पटते.

या दोन तासांतून मुलांच्या हाती तीन पायऱ्या द्या आणि वर्षभर त्याच शब्दांत बोला:

1. काय म्हणायचंय? (एक वाक्य)
2. कशावरून? (उताऱ्यातला नेमका शब्द, कृती, क्रम, किंवा जे सांगायचं टाळलं आहे ते)
3. मग काय? (त्या शब्दामुळे काय घडलं, तो बदलला तर काय जाईल)

आता कविता

बारावीच्या युवकभारतीत (२०२० चं पुस्तक) या कामाला सोयीच्या कविता आहेत. प्रत्येकीला सगळे प्रश्न विचारत बसू नका. एका कवितेला एकच टोकदार प्रश्न पुरतो.

हिरा बनसोडे यांच्या 'आरशातली स्त्री'ला विचारा: बोलतंय कोण? मुलं सरसकट "कवयित्री दुःखी आहे" असं लिहितात. आरशाबाहेरची, आरशातली आणि लिहिणारी अशा तीन जणी आहेत, हे एकदा लक्षात आलं की उत्तराचा नूरच बदलतो. वसंत आबाजी डहाके यांच्या कवितेला फक्त शीर्षकावरून विचारा: समुद्र 'अडकलाय' का नाही, 'कोंडून पडलाय' का? कोंडतं कोण, कोणाला, आणि आपण हा शब्द एरवी कशाबद्दल वापरतो? मुलांच्या ओठावर खोली, गुरं, श्वास येतील. येऊ द्या.

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात काम-क्रोध म्हणजे विंचू हे भारूडच सांगतं. ते उत्तरात लिहून गुण मिळायचे नाहीत. विचारा, विंचूच का? साप का नाही? ग्रामीण भागातली मुलं यावर शहरातल्या मुलांपेक्षा सरस बोलतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. साप चावल्यावर माणूस निपचित पडतो. विंचू चावल्यावर थयथयाट करतो. भारूड तर नाचून, सोंग घेऊन सादर करायचा प्रकार. वेदना आणि नाच एकाच देहात दाखवायला विंचवासारखा प्राणी नाही. हे मी कुठल्या टीकाग्रंथात वाचलेलं नाही. एका मुलाने चुलत्याच्या उड्या करून दाखवल्या तेव्हा ध्यानात आलं.

सुरेश भटांची गझल घेताना रदीफ-काफियाच्या व्याख्येपेक्षा एवढं विचारा: हा शेर एकटा काढून मित्राला पाठवला तर अपुरा वाटेल का? हीच चाचणी बोरकरांच्या कवितेतल्या दोन ओळींना लावून पाहा. रचनेतला फरक मुलांना आपोआप कळतो.

इथे पाय घसरतो

- अलंकार ओळखला म्हणजे झालं, असं वाटणं. "येथे उपमा अलंकार आहे" हे रोगाचं नाव सांगण्यासारखं. कशाला कशाची उपमा आणि तीच का, हे आलं नाही तर ओळ वाया.
- चरित्राचा पुरावा. कल्पना दुधाळ यांची 'रोज मातीत' शिकवताना मुलं लिहितात, "कवयित्रीचं शेतीशी नातं आहे म्हणून कविता खरी वाटते." मग शेतीशी नातं असणाऱ्या प्रत्येकाची कविता खरी वाटायला हवी. खरेपणा कुठल्या शब्दात उतरला ते दाखवायला लावा.
- संदेशाची घाई. "या कवितेतून आपल्याला असा बोध मिळतो..." शाळेतल्या गोष्टीच्या तासांची ही सवय सुटायला वेळ लागतो. चिडू नका, पण त्या वाक्याला गुणही देऊ नका.
- अवतरणांची माळ. ओळ द्यायची, तिचा अर्थ सांगायचा, पुढची ओळ द्यायची. उत्तर लांब होतं, म्हणणं मात्र एकही नसतं.

साचा द्यावा का?

यावर शिक्षकांमध्ये दोन तट आहेत. एकांचं म्हणणं असं की साचा दिला नाही तर निम्मी मुलं कोरा कागद देतात. दुसऱ्यांचं असं की साचा दिला की सगळी एकसारखं लिहितात. दोघांचंही खरं आहे. मी मुदतीचा साचा देते: पहिले तीन आठवडे, त्यानंतर काढून घ्यायचा. सायकलच्या आधाराच्या चाकांसारखा.

साचा असा: "या कवितेत ______ असं मला वाटतं. कारण कवी/कवयित्री ______ हा शब्द वापरतात. त्याऐवजी ______ असता तर ______." एवढाच. 'प्रस्तुत कवितेत कवीने अत्यंत समर्पक शब्दांत' वगैरे तोरण त्यात मुद्दाम ठेवलेलं नाही. 'मला वाटतं' लिहिलं की गुण जातात, असा समज मुलांमध्ये घट्ट आहे. निदान आपल्या वर्गात तो मोडा.

वैचारिक लेखन: आधी पूर्वपक्ष

वाद घालायची आपली परंपरा जुनी आहे, आणि तिचा पहिला नियम आजच्या चर्चासत्रांना लाजवेल असा: आधी समोरच्याचं म्हणणं मांडा, तेही त्याला मान्य होईल इतकं नीट, मग उत्तर द्या. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. हे शब्द मुलांना आवडतात, जड वाटत नाहीत. वापरा.

*विषय निवडताना.* 'मोबाईल: शाप की वरदान' हा विषय वादाचा नाही, त्यावर कोणी भांडत नाही. ज्यावर वर्गात खरोखर दोन तट पडतील असा विषय द्या. माझा आवडता विषय आपल्याच दारातला आहे: बारावीला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा असावी का? ही मुभा घेऊन कितीतरी मुलं मराठीच्या वर्गातून उठून गेलेली असतात. जी बसली आहेत त्यांच्यातल्या काहींनाही जायचं होतं. विषय पेटतो. आपण मराठीचे शिक्षक, त्यामुळे आपली बाजू मुलांना आधीच ठाऊक असते. म्हणूनच हा विषय चांगला. मॅडमच्या विरुद्ध लिहून पूर्ण गुण मिळाल्याचं एकदा दिसलं की वर्ग मोकळा होतो.

*कृती.* 

1. बाकावरच्या दोघांनी विरुद्ध बाजू घ्यायच्या. आवडीची नव्हे, वाट्याला येईल ती.
2. प्रत्येकाने जोडीदाराचं म्हणणं चार ओळींत लिहायचं.
3. जोडीदाराने वाचून "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं लिहून सही करायची. सही मिळेपर्यंत पुन्हा लिहायचं.
4. सही मिळाल्यावरच उत्तर लिहायचं.

तिसऱ्या पायरीवर वर्गात प्रचंड गलका होतो. शेजारच्या वर्गाची माफी आधीच मागून ठेवा. पण याच गलक्यात मुलांना कळतं की आपण समोरच्याचं ऐकत नव्हतो. गेल्या खेपेला एका मुलाने जोडीदारणीची बाजू अशी मांडली: "ज्यांना मराठी अवघड जातं ते माहिती तंत्रज्ञान घेतात." तिने सही नाकारली. दुसऱ्या खेपेला त्याने लिहिलं: "मराठीत चांगले गुण असणारेही जातात, कारण तिकडे पैकीच्या पैकी पडतात असा समज आहे, आणि प्रवेशाच्या यादीत एकेक गुण मोजला जातो." सही मिळाली. आता त्याला उत्तर द्यायला खरा प्रतिपक्ष मिळाला. आधीच्या वाक्याला तो सहज हरवू शकला असता, म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता.

*जुना वाद हवा असेल तर* संमतिवयाचा घ्या. १८९१ च्या कायद्याने संमतीचं वय दहावरून बारा झालं. आगरकर सुधारणेसाठी कायद्याच्या बाजूचे. टिळकांचा परकी सरकारने धर्मात आणि समाजात हात घालण्याला विरोध. १८८१ मध्ये 'केसरी' सुरू करताना दोघे एकत्र होते. १८८८ मध्ये आगरकरांचा 'सुधारक' वेगळा निघाला. आजच्या मुलांना कोणाची बाजू घ्यावी हे एका क्षणात ठरवता येतं. तेव्हा अवघड बाजूचा पूर्वपक्ष लिहायला लावा: कायद्याला विरोध करणारा शहाणा माणूस कोणता मुद्दा पुढे करत असेल? पटवून घ्यायचं नाही, समजून घ्यायचं. हा विषय घेताना वर्गातल्या मुलींकडे लक्ष असू द्या. काहींच्या घरी लग्नाच्या वयाचा प्रश्न १८९१ मध्ये संपलेला नाही. त्यांच्यावर बोलण्याची सक्ती करू नका.

*पुराव्याबद्दल एक कडक नियम ठेवा:* आकडा कुठून आणला हे सांगता येत नसेल तर आकडा खोडायचा. "आज ९० टक्के तरुण व्यसनाधीन आहेत" अशी वाक्यं मुलं बिनदिक्कत ठोकून देतात, आणि तपासणारेही खपवून घेतात. त्याऐवजी "आमच्या गल्लीत मी पाहिलेलं" चालेल. लहान पण खरं. मात्र गल्लीवरून देशाचा निष्कर्ष काढला तर पुन्हा विचारा, कशावरून?

'तसेच' मोजा

ही माझी सगळ्यात स्वस्त युक्ती. मुलांना आपल्या निबंधात 'तसेच', 'आणि', 'त्याचप्रमाणे' या शब्दांना गोल करायला सांगा, आणि 'कारण', 'म्हणून', 'तरीही', 'याउलट', 'असं असलं तरी' यांच्याखाली रेघ ओढायला सांगा. गोल जास्त निघाले तर ती यादी आहे. रेघा निघाल्या तर युक्तिवाद. मुलांना दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. एका मुलीच्या दोन पानांत अकरा 'तसेच' निघाले. तिने त्यातले चार 'कारण' करून पाहिले आणि दोन ठिकाणी वाक्य जुळेना, कारण तिथे कारणच नव्हतं. ती वाक्यं तिने आपण होऊन काढली.

तपासायचं कसं

शंभर मुलांचे पूर्ण निबंध दर आठवड्याला तपासणं कुणालाही शक्य नाही. प्रयत्नही करू नका. 

- पूर्ण उत्तर सत्रातून दोन-तीनदाच तपासा. एरवी एकच परिच्छेद लिहून घ्या.
- समासात फक्त 'क?' लिहा. मुलांना अर्थ ठाऊक असतो. पाच शब्दांचा शेरा वाचला जात नाही, 'क?' वाचला जातो.
- पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. विचार आणि वेलांट्या एकाच वेळी तपासल्या की मूल फक्त वेलांट्या सुधारतं. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्याला, आणि तेव्हा मात्र सवलत न देता.
- दर आठवड्याला दहा वह्या, पाळीपाळीने. ज्यांची पाळी नाही त्यांनी एकमेकांच्या तपासायच्या, त्याच 'क?'ने.

गाईड आणि चॅटजीपीटी

बंदी घालून दोन्ही थांबणार नाहीत. मी गाईडमधलं तयार रसग्रहण छापून वर्गात वाटते आणि मुलांना त्याच्या समासात 'क?' लिहायला सांगते. छापील मजकुरावर लाल पेन चालवण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा असतो. यंत्राने लिहिलेल्या उत्तरालाही हेच करा. ते गुळगुळीत असतं आणि अनेकदा कवितेत नसलेली ओळ कवितेच्या नावावर खपवतं. ती शोधायला पुस्तक उघडावंच लागतं.

बोलीत बोला, प्रमाणात लिहा

मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारं मूल वर्गात तोंड उघडत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा विचारांची वानवा हे नसतं. चर्चा कुठल्याही बोलीत होऊ द्या. वऱ्हाडीतून लिहिणाऱ्या प्रतिमा इंगोले यांची 'गढी' ही कथा बारावीच्या पुस्तकातच आहे. एखाद्या शब्दाचा वास प्रमाण मराठीत का येत नाही हे सांगायला त्या भागातलं मूल आपल्यापेक्षा अधिकारी. लिहिताना उत्तर प्रमाण भाषेत, पण अवतरणातला बोलीशब्द जसाच्या तसा. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिला खर्डा हव्या त्या भाषेत विचार करून करू द्या, फक्त 'कशावरून'चा शब्द मराठी पाठातलाच हवा.

आपले आणि मुलांचे हक्क

*वर्गासाठी छायाप्रती.* पुस्तकाबाहेरची कविता किंवा अग्रलेख झेरॉक्स करून वाटायला अनेकजण घाबरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही सवलत बरीच व्यापक धरली. पण तेच साहित्य वर्गाबाहेर बांधून विकलंत किंवा सर्वांसाठी खुलं टाकलंत तर ती शिकवणी राहत नाही. कवीचं नाव प्रतीवर छापा, न विसरता.

*वेगळा अर्थ.* कृतिपत्रिकेत रसग्रहण आणि स्वमत हे मुक्त उत्तराचे प्रश्न आहेत. आदर्श उत्तराशी शब्दशः जुळण्याची अट त्यांना नसते. तरीही व्यवहारी सल्ला असा, की वेगळा अर्थ लावणाऱ्या मुलाने पहिल्याच दोन वाक्यांत आपला पुरावा ठेवावा. परीक्षकासमोर गठ्ठा असतो. तिसऱ्या परिच्छेदात दडवलेला शब्द त्याला दिसेलच असं नाही.

*गुण कमी वाटले तर.* राज्य मंडळाकडे गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन असे तीन मार्ग आहेत. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते, आणि निकालानंतरची मुदत मोजक्या दिवसांची असते. तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला माहितीच्या अधिकारात पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला आहे. छायाप्रत हाती आली की पालकांना अर्ज भरायला पाठवण्याआधी मुलासोबत बसा आणि त्याच्याच उत्तराच्या समासात 'क?' लिहून पाहा. कधी अर्ज करावासा वाटतो, कधी वाटत नाही.

*लेखनिक आणि वाढीव वेळ.* दृष्टिबाधित, अध्ययन-अक्षम किंवा अन्य दिव्यांग विद्यार्थ्यांना या सवलती मिळतात. प्रमाणपत्र आणि अर्ज परीक्षेच्या बऱ्याच आधी लागतो, हे वर्गशिक्षकांना जुलैतच आठवण करून द्या. लेखनिक घेणाऱ्या मुलाला तोंडी युक्तिवाद सांगण्याचा सराव वेगळा लागतो. बोलून लिहून घेताना 'तसेच' फार वाढतात.

पेटी पुन्हा काढा

दुसऱ्या सत्रात, कथा हा साहित्यप्रकार घेताना, तोच उतारा परत वाटा. मुलांना आपलं जूनमधलं वाक्य शोधून त्याखाली नवं लिहायला सांगा. 

दोन वर्षांपूर्वी हे करत असताना एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते पत्र आजोबांनी पाठवलेलं नाही. आजीनेच लिहिलंय. पोस्टात टाकलंच नाही."

कशावरून?

"ती उघडत नाही. त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आत काय आहे ते तिला माहीत आहे."

उतारा मी लिहिलेला, आणि ही शक्यता माझ्या मनात कधी आली नव्हती. वर्गातून आवाज आला, "पण मग पत्रावर शिक्का आहे की नाही ते द्यायला पाहिजे होतं." बरोबर होतं. शिक्का असता तर प्रश्न मिटला असता. पुढच्या वर्षी उतारा छापायला देताना तो घालायचा मला मोह झाला. घातला नाही.